धनेशरावांचं बक्षीसपात्र रोप

बाळांनो, नीट बसा. एक जंगल होतं, आणि आपल्या जंगलात झाडं कमी आहेत असं एके दिवशी तिथल्या सगळ्यांच्या लक्षात आलं.

हसू नका. तिथे आंबा होता, ऐन होता, किंजळ, हिरडा, बेहडा, सगळं होतं. वर बघितलं तर आभाळ दिसत नव्हतं. पण कुंडीत एकही झाड नव्हतं. मग त्या जंगलाला काय अर्थ?

ही गोष्ट लक्षात आणून दिली अस्वलबाईंनी. मध शोधता शोधता त्या जंगलाच्या कडेच्या विश्रामगृहापर्यंत गेल्या होत्या. तिथे व्हरांड्यात शहरातली माणसं बसली होती. त्यांच्या पाठीमागे अख्खं जंगल होतं. पण ती सगळी एका कुंडीभोवती जमून, "अय्या, किती गोड फुटवा आलाय!" असं म्हणत होती. अस्वलबाई झुडपाआडून बराच वेळ बघत राहिल्या. मध न घेताच परत आल्या आणि आल्या आल्या त्यांनी बागकामाचा वर्ग काढला.

चैत्र लागला होता. जिकडे तिकडे पालवी फुटत होती, तीही कुणाला न विचारता. असं सगळं आपोआप चाललेलं असताना हात बांधून बसवत नाही.

पहिल्याच दिवशी अस्वलबाई म्हणाल्या, "जंगलातली माती बागेला चालत नाही. फार जुनी आहे."

"मग काय चालतं?" भेकराने विचारलं.

"कोकोपीट."

कोकोपीट म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना लगेच पटलं.

"आणि बी किती खोल पेरायचं?" सशाने विचारलं.

"अंगठ्याच्या एका पेराइतकं."

अंगठा कुणाचा, हे बाईंनी सांगितलं नाही. सशाने बाईंचाच अंगठा मापाला धरला आणि खांद्यापर्यंत हात घालून बी पेरलं. ते वर यायला किती वर्षं लागतील याचा हिशेब त्याला येत नव्हता, म्हणून तो खूश होता.

ही बातमी वाघमहाराजांच्या कानावर गेली. राजाला एखादं खूळ आवडलं नाही तरी त्याचं उद्घाटन करावंच लागतं. महाराजांनी वसंत बाग स्पर्धा जाहीर केली. रोप स्वतःचं हवं आणि ते कुंडीत हवं, एवढीच अट. पहिलं बक्षीस अभय. म्हणजे जो जिंकेल त्याला महाराज वर्षभर खाणार नाहीत.

आता सगळेच जीव तोडून कामाला लागले. ज्याच्या त्याच्या जिवाचाच प्रश्न होता. पण सगळ्यात जास्त पेटले ते धनेशराव.

धनेश तुम्ही पाहिलाय का? नसेल पाहिला. तुमचं सगळं लक्ष कावळ्यांत. धनेश हा मोठा पक्षी असतो, त्याची चोच त्याहून मोठी असते, आणि त्या चोचीच्या वर आणखी एक शिंगासारखं काहीतरी असतं. त्याचा उपयोग काय, हे त्यालाही सांगता येत नाही. तो राहतो उंच झाडावर. वाघ काही त्याला खायला वर चढणार नव्हता. धनेशरावांना त्या अभयाचा काडीचा उपयोग नव्हता. पण बक्षीस ते बक्षीस.

गंमत अशी, की धनेशराव जन्मभर फळं खात आले होते आणि बिया थुंकत आले होते. अर्धं जंगल त्यांच्या घराण्याच्या थुंकण्यातून उगवलेलं होतं. पण ते काही वर्गात शिकून केलेलं नव्हतं. म्हणून ते त्यांनी कधी हिशेबात धरलंच नाही.

आता धनेशरावांच्या घरची परिस्थिती सांगतो. ही नीट ऐका, मागच्या रांगेनेसुद्धा.

धनेशांच्यात एक पद्धत असते. वसंतात बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. मग दोघं मिळून ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकतात. चोच मावेल एवढी फट तेवढी ठेवतात. आत ती अंडं उबवते. तिच्या पंखांची पिसं गळतात, तिला उडता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत नवऱ्याने फटीतून दोघांना खाऊ घालायचं. नवरा आला नाही तर दुसरं कुणी येत नाही.

जुन्या बेहड्याच्या ढोलीत इंदुमतीबाई अशा बसल्या होत्या. त्यांच्या पोटाखाली अंडं होतं. आणि बाहेर त्यांचे यजमान बागकाम करत होते.

"अहो," फटीतून आवाज यायचा.

"अगं, कोकोपीट भिजवतोय."

"सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

"आणतो गं. एवढा ट्रे भरू दे."

ट्रे म्हणजे विश्रामगृहामागच्या उकिरड्यातला आइस्क्रीमचा डबा. त्यात धनेशरावांनी बी पेरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी ते उकरून पाहिलं. बी जागेवर होतं. त्यांनी ते परत पुरलं.

सगळं जंगल सकाळी उठून हेच करत होतं. बी उकरायचं, ते अजून बीच आहे ना याची खात्री करायची आणि परत पुरायचं. "लक्ष असू द्या," अस्वलबाई फेरी मारता मारता सांगायच्या. "लक्ष नसलं की रोप खुरटतं." मग ज्यांचं लक्ष जास्त होतं ते संध्याकाळीही उकरायला लागले.

धनेशरावांची आणखी एक अडचण होती. बी उजेडात धरून बघता बघता ते सवयीने गिळून टाकायचे. मग फांदीवर बसून, माझंच बी का उगवत नाही, असा विचार करत करत ते थुंकायचे. आणि नवीन बी आणायला उडून जायचे.

अशाने स्पर्धा जिंकता येत नाही. शेवटी मुंगसाने त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बियांच्या भानगडीत कशाला पडता? तयार रोपं मिळतात की कोल्हेशेठकडे."

कोल्हेशेठनी टेकडीखाली रोपवाटिका काढली होती. बाहेर पाटी होती, 'परवडणारी रोपं. परवडत नसल्यास आणखी परवडणारी.'

"या या, धनेशराव! काय दाखवू? घरातलं की बाहेरचं?"

"दोन्ही दाखवा."

कोल्हेशेठनी एक रोप समोरून दाखवलं. मग तेच फिरवून मागून दाखवलं.

"जात कुठली?" धनेशरावांनी जाणकारासारखं विचारलं.

"परदेशी."

"कुठल्या देशातली?"

"लांबच्या."

"आणि किंमत?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं, घरचेच तुम्ही. चोचभर उंबरं द्या. पिकलेली बघा, हं."

धनेश फळं गळ्यात साठवूनच घरी आणतो, तशी धनेशरावांच्या गळ्यात तेव्हा उंबरं होतीच. इंदुमतीबाईंसाठी गोळा केली होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सगळी कोल्हेशेठपुढे ओतली. दुसऱ्या दिवशी आणखी ओतली. तिसऱ्या दिवसापासून ती गोळा करतानाच बेहड्याकडे जायचं ते विसरायला लागले.

रोप घेऊन घरी आले तेव्हा इंदुमतीबाईंनी फटीतून एक डोळा लावला.

"अहो, हे रोप ओळखीचं वाटतंय."

"परदेशी आहे ते."

"कसलं परदेशी? माझ्या ढोलीखालचं आहे. गेल्या वर्षी मी इथूनच बिया खाली टाकत होते, त्या रुजल्या. तो कोल्हा रोज पहाटे येऊन उपटून नेतो. डोळ्यांनी बघितलाय मी."

"तू बसलेली असतेस ढोलीत. तुला बाजारातलं काय कळणार?"

"बरं. आणि उंबरं?"

"गुंतवली."

इंदुमतीबाईंनी डोळा फटीवरून काढून घेतला. उपाशी पोटी माणूस फार वेळ वाद घालत नाही, आणि पक्षी तर त्याहून कमी.

अशात अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं.

"अहो, ऐकलंत का? आला बरं का! तुमच्यासारखीच चोच आहे!"

"अरे वा! उत्तम," धनेशराव रोपावर पाणी शिंपडत म्हणाले. "आता जरा शांत ठेव त्याला. परदेशी रोपांना आवाज सोसत नाही."

पिल्लू ओरडायचं. भूक लागली की ओरडायचं, म्हणजे सारखंच ओरडायचं. इंदुमतीबाईंनी ढोलीतले किडे शोधून त्याला भरवले. किडे संपले. मग त्यांनी भिंतीवरची बुरशी खरवडून भरवली. हळूहळू पिल्लाचं ओरडणं बारीक झालं. बाळांनो, भुकेलं पोर ओरडतं तेव्हा कानांना त्रास होतो. पण ते ओरडायचं थांबतं ना, ते मला अजिबात ऐकवत नाही. ही गोष्ट सांगतानाही या ठिकाणी मला धनेशरावांना धरून हलवावंसं वाटतं.

भिंत फोडून बाहेर यावं असं इंदुमतीबाईंच्या मनात कितीदा तरी आलं. पण पंखांना पिसं नव्हती. आणि खाली कोल्हा रोपं उपटत होता.

इकडे कुंडीतली रोपं माना टाकायला लागली. धनेशरावांचा जीव कासावीस झाला. त्यांची झोप उडाली. त्यांनी धावत जाऊन अस्वलबाईंना आणलं.

अस्वलबाईंनी पान हुंगलं, कोकोपीट चाखलं आणि वर पाहिलं. "ऊन कमी पडतंय. हे मध्येच काय आहे?"

"बेहडा."

"कुंडीतला आहे?"

"नाही."

"मग काढून टाका."

त्या संध्याकाळी धनेशराव बऱ्याच दिवसांनी फटीपाशी येऊन बसले. इंदुमतीबाईंनी घाईघाईने चोच पुढे केली. चोचीत काही पडलं नाही.

"इंदू, जरा काम काढतोय घरात."

"कसलं?"

"बेहडा पाडायचाय."

"अहो, मी आत आहे."

"ते माझ्या लक्षात आहे ना. म्हणून तर आधी सांगायला आलो."

"आणि हा? हा आत आहे तो?"

धनेशराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "असं बघ, पिल्लं काय दरवर्षी होतात. स्पर्धा पहिल्यांदाच होतेय."

मग रानडुकरं आली आणि त्यांनी बेहड्याची मुळं उकरून मोकळी केली. बागकामाच्या वर्गात आपल्या हातखंड्याला कुणी विचारत नाही म्हणून ती रुसून बसली होती. आता त्यांनी मन लावून काम केलं. धक्का द्यायला गवा ठरला. परीक्षण सुरू व्हायच्या आधी पाडू, म्हणजे ऐन वेळी रोपांवर छान ऊन पडेल, असं ठरलं. पण गवा सकाळी उशिरा उठला, आणि तोवर वाघमहाराज फेरीला निघाले होते.

महाराज एकेक बाग बघत चालले. भेकराच्या डब्यात कोकोपीट होतं. मुंगसाच्या डब्यात कोकोपीट होतं. माकडाने बी उकरून बघण्याच्या नादात डब्याचा तळही उकरला होता. सशाची बाग मात्र छान आली होती म्हणे. कोल्हेशेठकडून घेतलेल्या रोपांची. ती त्याने आदल्या दिवशी खाल्ली.

"कोंब कुठाय?" महाराजांनी विचारलं.

"येईल, महाराज."

"इथे कोंब कुठाय?"

"येणारच होता, महाराज."

महाराजांची शेपटी हलायला लागली. महाराज कंटाळले की त्यांना भूक लागते, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे एकमेकांच्या मागे उभे राहायचा प्रयत्न करायला लागले. आता कुठेतरी, कसलातरी, कुणाचातरी कोंब दिसला नाही तर आपली धडगत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं.

अशा अवस्थेत मंडळी बेहड्याखाली आली. धनेशरावांच्या कुंड्यांत काड्या उभ्या होत्या.

"हे काय?" महाराज गुरगुरले.

"उन्हाअभावी असं दिसतंय, महाराज. एक क्षण थांबा. ऊन आत्ता आणतो." आणि धनेशरावांनी गव्याला खूण केली.

गवा चार पावलं मागे गेला आणि धावत येऊन त्याने बेहड्याला धडक दिली.

बेहडा मुळापासून हलला. वर ढोलीत इंदुमतीबाईंनी पिल्लाला पोटाशी घट्ट धरलं. ढोलीच्या तोंडावरच्या चिखलाला भेग गेली आणि त्याचा एक मोठा तुकडा खाली पडला. उजेड दिसल्याबरोबर, बाबा आले असं वाटून, पिल्लाने आईच्या पंखाखालून मान काढली आणि भोकातून बाहेर घातली.

सगळे वर बघत होते. चिखलातून काहीतरी गुलाबी, ओलसर, लुळं असं बाहेर आलं होतं आणि डुलत होतं.

"कोंब!" भेकर जिवाच्या आकांताने ओरडलं.

"कोंबच आहे!" मुंगूस म्हणालं.

"मातीतून आलाय म्हणजे कोंबच!" सगळे एका सुरात म्हणाले.

महाराजांनी डोळे बारीक केले. "याला पानं कशी नाहीत?"

इतक्यात पिल्लाने चोच उघडली. अस्वलबाईंनी टाळी वाजवली. "दोन दळं! द्विदल आहे, महाराज! पानं मागाहून येतात!"

पिल्लू ओरडलं.

"रोप ओरडतं का?" महाराजांनी विचारलं.

"खत मागतंय," अस्वलबाई म्हणाल्या. एव्हाना त्यांना काहीही सुचत होतं.

सगळ्यांनी धनेशरावांकडे पाहिलं. त्यांच्या गळ्यात उंबरं होती. निकाल लागल्यावर कोल्हेशेठकडून आणखी रोपं आणायची म्हणून ठेवलेली. ते वर उडाले आणि त्यांनी एक उंबर त्या उघड्या चोचीत टाकलं. रोपाने ते गटकन गिळलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसरं उंबर टाकलं. तिसरं टाकलं. मग भोकातून आणखी एक मोठी चोच थरथरत बाहेर आली.

"आणि हे?" महाराजांनी विचारलं.

"हे मूळ," अस्वलबाई म्हणाल्या.

"मुळालाही घाला."

धनेशरावांनी मुळालाही घातलं. मुळाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून अस्वलबाई म्हणाल्या, की पाणी भरपूर झालंय, वेगळं घालायला नको.

"मग आता पाडू ना?" गव्याने मागे सरकत विचारलं.

"कुंडी पाडतात का, गाढवा!" महाराज गरजले. गव्याला फार वाईट वाटलं. गाढव म्हणून त्याला आजवर कुणी हाक मारली नव्हती.

पहिलं बक्षीस धनेशरावांना मिळालं. रानडुकरांनी मुळांवर परत माती लोटली. महाराजांनी हुकूम काढला, की हे रोप जंगलाची शान आहे, त्याला दिवसभर खत मिळालं पाहिजे. आणि जाता जाता त्यांनी कोल्हेशेठना खाल्लं. अभय एकालाच होतं.

दुसऱ्या दिवसापासून धनेशराव पहाटे उठायचे. उंबरावर जाऊन एकेक फळ निवडून आणायचे. कच्चं नको, किडकं नको. सगळ्यात आधी रोपाला, मग मुळाला. लांबलांबून प्राणी बघायला यायचे. "मी लहानाचं मोठं केलंय याला," ते सांगायचे. "जीव लावला की येतं."

एकदा गर्दी पांगल्यावर इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, पोर आहे ते तुमचं."

"शू! हळू बोल," धनेशराव इकडेतिकडे बघत म्हणाले. "मला का माहीत नाही? पण पोर म्हटलं तर बक्षीस काढून घेतील. आणि पोरं काय गं, पोरं सगळ्यांनाच असतात."

इंदुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या आत वळल्या आणि पिल्लाच्या कानात म्हणाल्या, "खा रे राजा. पोटभर खा. ते आले की नुसता डुलत जा."

पिल्लू डुलत राहिलं आणि खात राहिलं. त्याला पिसं आली. "पानं आली!" असं म्हणून धनेशरावांनी पेढ्यांऐवजी करवंदं वाटली. मुळालाही पिसं आली, पण मुळाकडे कुणी बघत नाही.

वैशाख सरता सरता एका सकाळी धनेशराव चोचभर उंबरं घेऊन आले. खाली पाहुणे जमले होते. इंदुमतीबाईंनी उरलेली भिंत चोचीने फोडली. आधी रोप बाहेर आलं. फांदीवर बसलं, पंख झाडले आणि उडालं. त्याच्यामागून मूळ उडालं.

धनेशराव बघतच राहिले. मग ते खाली आले आणि अस्वलबाईंना विचारायला लागले, "असं कसं झालं हो? एवढं केलं मी त्याचं!"

अस्वलबाईंनी बेहड्यावर चढून रिकाम्या ढोलीत नाक घातलं, हुंगलं आणि मान हलवली.

"खत जास्त झालं," त्या म्हणाल्या.

ती दोघं हल्ली टेकडीपलीकडच्या उंबरावर असतात. आपापल्या चोचीने खातात. आणि धनेशराव पुढच्या वसंतासाठी नवीन मूळ शोधतायत. ओळखीत कुणी असेल तर कृपा करून सांगू नका.

तात्पर्य, पाटीवर लिहून घ्या : रोपाला खत बेतानेच घालावं. त्याचं पोट भरलं, की ते कुंडीत राहत नाही.